सहभागी क्रमांक सतरा

लग्नानं आडनाव दिलं झोपे.
फैजपुरात हसणाऱ्यांची तेव्हापासून सोय झाली.
दिवे मालवले की माझ्या पोटऱ्यांत
कुणीतरी सोड्याची बाटली फोडतं
आणि मी उठते.
ओटा, अंगण, नळाचा कोपरा, पुन्हा ओटा.
मे महिन्यात सगळी आळी धाब्यावर निजते,
मी उशांमधून वाट काढत फिरते
राखणदारासारखी.
नेमलं कुणी नाही, पगारही नाही.

आई म्हणायची, पाय हलवू नको, लक्ष्मी हलते.
सासू म्हणाली, वात आहे, लसूण खा.
हे काहीच म्हणाले नाहीत,
फक्त खाट दोन हात सरकवली,
मग चार,
मग ती दुसऱ्या खोलीत गेली.

जळगावच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
तेजल वारके नावाची मुलगी
सोळा पानांचं संमतीपत्र वाचून दाखवते.
अवघड ओळ आली की चष्मा कपाळावर चढवते
अन् घरच्या बोलीत सांगते.
गोळीत औषध असेल, किंवा नुसताच खडू.
कोणती मिळाली ते तुम्हाला कळणार नाही,
मला नाही, डॉक्टरांनाही नाही.
मी विचारलं, मंग कोनाले मालूम?
ती म्हणाली, पुण्यातल्या एका बंद पाकिटाला.
बरं वाटलं.
देवाबद्दलही इतकं स्पष्ट
मला कुणी सांगितलं नव्हतं.

पान अकरा.
तुम्ही केव्हाही सोडून जाऊ शकता,
कारण सांगावं लागणार नाही.
हे वाक्य मी तिला दोनदा वाचायला लावलं.
एकसष्ट वर्षांत जिथे जिथे सही केली
त्यातल्या एकाही कागदावर ते नव्हतं.

मग तिनं नावावर पांढरी पट्टी चिकटवली
आणि वर लिहिलं, सतरा.
गेलं झोपे.

वळवळ, मुंग्या, ओढ, जळजळ. खूण करा.
म्हटलं, यात नाही गं ते.
केळीचा घड उतरवताना चीक लागतो बघ हाताला,
कितीही धुतला तरी राहतो,
तसा चीक, पण हाडाच्या आत.
'इतर'समोरची जागा पुरेना,
तिनं कागद फिरवला आणि समासात उभं लिहिलं.

त्यानंतर एक तास.
पाय लांब, घोट्यांवर पट्टे, पट्ट्यांतून तारा.
हलवायचे नाहीत.
काचेपलीकडून दर दहा मिनिटांनी विचारतात,
शून्य ते दहा, किती?
चार.
समोर कुण्या सोनाराचं कॅलेंडर.
सगळ्या एकादश्या वाचून काढल्या.
सहा.
भुसावळकडे मालगाडी गेली, तिचे डबे मोजले,
चुकले, पुन्हा मोजायला गाडीच उरली नाही.
नऊ.
मग उजवा अंगठा आपणहून उठला
आणि पडद्यावरची रेघ ताडकन उभी राहिली.
काचेमागे कुणीतरी म्हणालं,
हं, आलं.
घरात ज्याला नखरा म्हणत
त्याची उंची किती ते
मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली.

बाहेर बाकावर आम्ही सात जण.
एरंडोलचे निवृत्त कंडक्टर, शिरपूरच्या चित्रकलेच्या बाई,
बाकीचे अजून क्रमांकच.
कुणी कुणाशी बोलत नव्हतं.
कंडक्टरांची चप्पल निसटली म्हणून सगळे खाली वाकलो.
बाकाखाली चौदा पाय,
एकही जमिनीला टेकून नव्हता.
कोण आधी हसलं आठवत नाही.
तेजल धावत आली, काय झालं म्हणून.

निकाल दोन वर्षांनी.
तोवर रोज सकाळी डायरी.
रात्र अडतीस. किती वेळा उठलात? दोनदा.
गोळी खरी असेल. खडू असेल.
किंवा दोन वाजता एरंडोलात
एक माणूस तिकीट न फाडता
घरातल्या घरात फेऱ्या मारतोय हे आता ठाऊक आहे, म्हणून.

ओटा, अंगण.
काल नळापर्यंत गेले नाही.
कारण लिहायला
डायरीत रकाना नाही.