भंडारवाड्याच्या टेकडीवर सराव

सेला खिंड तेरा हजार सातशे फूट.
माझगावची भंडारवाड्याची टेकडी
शाळेच्या फूटपट्टीनं मोजावी एवढी.
तरी रोज सकाळी साडेसहाला तिघी तीच चढतो,
पाठीवर नातवंडांची जुनी दप्तरं,
दप्तरात दोन-दोन किलो तांदूळ.
फिलोमिनाच्या दप्तराला भोक आहे,
तिच्या मागोमाग चिमण्या वर येतात.

वर बाकावर नकाशा,
उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार चपला.
खाली गोदीतल्या क्रेन अजून झोपेत.
हमीदा दळवी वाचून दाखवते, तिचा चष्मा सगळ्यांत नवा:
तेजपूर, भालुकपाँग, रूपा, बोमडिला, दिरांग, तवांग.
रूपाला शेरदुकपेन, पुढे मोनपा,
अलीकडच्या डोंगरांत आका, मिजी,
आणि दिरांगच्या मोनपाचं बोलणं
तवांगच्या मोनपाला कळेलच असं नाही.
"आमच्यासारखंच," फिलोमिना म्हणते.
"तुझी दापोलीची कोकणी, माझी ईस्ट इंडियन.
एका जिन्यावर चाळीस वर्षं भांडलो,
अर्धं कळलंच नाही
म्हणून टिकलं."

खर्चाची वही माझ्याकडे.
सुमोचं भाडं, परमिटचे फोटो, गरम पाण्याची पिशवी (एकच, पाळीपाळीनं).
माझा मंगळवार असतो.
तिथं याकच्या दुधाचं छुर्पी मिळतं म्हणे,
उपासाला चालेल का?
दुधाचं आहे, चालेल.
पण याक गाईत धरायचा की म्हशीत?
यावर एक अख्खी सकाळ गेली.
वहीत प्रश्नचिन्ह घालून पुढे गेलो.

हे गाव माझ्या डोक्यात कुठून आलं
ते मी त्यांना नीट सांगितलेलं नाही.
मी ट्रंक एक्स्चेंजला होते, जास्त करून रात्रपाळी.
आम्हाला तिथं नावं नसत.
ज्या गावात बसलोय ते गावच आपलं नाव.
हॅलो तेजपूर, बॉम्बे. बोमडिला द्या.
त्र्याऐंशी साल असेल. डिसेंबर.
कुणा सुभेदाराची बायको फोनपाशी येईपर्यंत
दोघी लाइन धरून बसलो,
मध्ये तेजपूर बहुतेक पेंगलेलं.
बोमडिला म्हणाली, "बॉम्बे, सुनो."
आणि तिनं खिडकी उघडली असावी.
मी कानात प्राण आणले.
काहीच नव्हतं.
नेहमीची खरखरसुद्धा जरा मागे सरली होती.
"सुना?" तिनं विचारलं. "बरफ."
मी हो म्हटलं.
मग बाई आल्या, तीन मिनिटं सुरू झाली,
आम्ही दोघी बाजूला झालो.

मागच्या गुरुवारी डॉक्टरांनी
फिलोमिनाचं ब्लडप्रेशर दोनदा घेतलं.
दहा हजारांच्या वर नाही म्हणाले, विषय संपला.
म्हणजे सेला गेली, तवांग गेलं,
चारशे वर्षं जुना मठ गेला,
ती म्हणाली तुम्ही दोघी जा, मी दिरांगला थांबते, विणत बसेन,
आणि मग चर्चच्या पायरीवर बसून थोडी रडली.
हमीदानं तिच्या दप्तराचं भोक तिथंच शिवलं.
मला वाईट वाटलं.
वाटलं नाहीही.
बोमडिला आठ हजार.
त्या रात्री वहीत बोमडिलापुढचा एक खोडून
मी दोन केला,
दोघींनीही विचारलं नाही का.

आज लॉजवाल्याला फोन लावला.
पहिल्याच रिंगला लागला, त्याचंच मला नवल.
"कौन बोल रहा है?"
नाव सांगायच्या आधी तोंडातून निघून गेलं, बॉम्बे.
तो हसला. तरुण होता.
खोलीला खिडकी आहे का, विचारलं.
"दो हैं, आंटी," म्हणाला,
"लेकिन रात को खोलना मत."