बूच

ट्रेलरच्या टायरमधली हवा सोडताना
आन्तेमामा कान लावून ऐकतो,
जणू ती हवा त्याला काही सांगणार आहे.
पंधरावर आली की बोट उचलतो.
मऊ वाळूत ताठ चाक रुततं,
थोडं सैल व्हावं लागतं, थोडं पसरट,
हे त्याला टायरच्या बाबतीत कळतं.

मिर्कोमामा मांडीभर पाण्यात उभा,
पाठ आमच्याकडे, लाटा मोजत.
अकरा वर्षांचा अबोला आहे दोघांत.
ॲव्होकॅडोच्या बागेवरून झालं म्हणतात,
कुणी म्हणतं बोअरच्या पाण्यावरून.
आई म्हणते, त्यांनाच विचार,
त्यांनाही आता नीट आठवणार नाही.
पण बोट एकच. आजोबांनी दोघांच्या नावे केलेली,
आणि न्यूझीलंडच्या या उत्तर टोकाला
ना धक्का, ना सिमेंटचा उतार.
नुसती वाळू.
एक माणूस ट्रॅक्टरवर लागतो, एक पाण्यात.

म्हणून दर शनिवारी
मिठाने खाल्लेला लाल मॅसी फर्ग्युसन
पाठमोरा समुद्राकडे निघतो.
ट्रेलर मागे घ्यायचा तर
डावीकडे जायला उजवीकडे वळायचं.
मिर्कोमामाचा हात हवेत : ये. ये. अजून.
मूठ मिटली की थांब.
आणि मग, दर वेळी, इंजिनाच्या वर आवाज चढवून
आन्तेमामा :

"बूच?"

"आहे."

बोटीच्या मागच्या बाजूला, अगदी बुडाशी,
अंगठ्याएवढं पितळी बूच.
लावायचं राहिलं तर समुद्र आत येतो,
गाजावाजा न करता.
मी हिशेब केला एकदा.
वर्षाचे चाळीस शनिवार, दोन दोन शब्द,
अकरा वर्षांत आठशे ऐंशी.
माणसं कुत्र्याशी याहून जास्त बोलतात.

गेल्या शनिवारी मिर्कोमामा व्हांगारेईला,
इस्पितळात, नव्या खुब्यासह.
दोरी माझ्या हातात आली.
पाणी इतकं गार की पोटऱ्या माझ्या राहिल्या नाहीत.
बोट सुटली की तिचं नाक लाटेकडे फिरव,
एवढंच मला सांगितलं होतं. आडवी झाली की गेली.
मी मूठ मिटली. ट्रॅक्टर थांबला.
मी "आहे" तोंडात धरून उभी.

आन्तेमामाने विचारलंच नाही.
खाली उतरला, बुटांसकट पाण्यात आला,
बोटीच्या बुडाशी हात घालून चाचपलं,
आणि हात तिथेच ठेवून राहिला,
दोन लाटा गेल्या, तिसरी गेली,
माझ्याकडे न बघता.

चार स्नॅपर मिळाले. एक लहान, परत सोडला.

परतताना ओहोटी. समुद्र दूर गेलेला,
सकाळची आमची चाकोरी कोरडी पडलेली.
ट्रॅक्टरचं मागचं चाक ओल्या खळग्यात बसलं,
फावडं, फळी, शिव्या, पुन्हा फावडं,
मी तोवर कमरेभर पाण्यात, हलत्या बोटीचं नाक धरून,
लाट आली की उचलायची, गेली की ओढायची.
शेवटी विंचचा पट्टा करकरत ताणला
आणि ती रुळांवर चढली, जड,
एखाद्या थकलेल्या गाईसारखी.

वर, कोरड्या वाळूवर, त्याने बूच काढलं.
दिवसभर तळाशी साचलेलं पाणी
बारीक धारेने गळत राहिलं. वेळ लागला.
मी गोड्या पाण्याचा पाइप आणला,
ट्रेलरच्या बेअरिंगवर धरला.
बूच नेहमी तंबाखूच्या डब्यात जातं.
त्या दिवशी ते खिशात गेलं.

रविवारी आई इस्पितळात जाऊन आली.
म्हणाली, खाटेशेजारच्या टेबलावर,
गोळ्यांच्या पाकिटाला लागून ते ठेवलेलं होतं.
कुणी आणलं, मिर्को बोलला नाही.
नर्स कचरा समजून उचलायला गेली
तर तिच्यावर खेकसला.

आज शनिवार. भरती साडेसातला होती, वारा नव्हता.
ट्रॅक्टर शेडमध्ये आहे.