दुरुस्ती

मोठ्या पेपरात आलं:
पुंडलिक काटोले, निवृत्त लाइनमन, अविवाहित.
मागे दोन भाऊ, पुतणे.
अंत्ययात्रा महालातून निघेल.

आमच्या चार पानांत,
बर्डीवर झेरॉक्स काढून
कोऱ्या पाकिटातून जाणाऱ्या,
एक ओळ जास्तीची होती:
मागे शेषराव. संसार एकवीस वर्षांचा.

झेरॉक्सवाल्यानं पानं मोजली,
पुन्हा मोजली,
काही बोलला नाही.

चौथ्या दिवशी फोन. भर दुपार,
पलीकडे कूलरची घरघर
आणि म्हातारा आवाज:
"एकवीस नाही ना बाबू, तेवीस.
पयली दोन कोनालेच सांगतली नव्हती."

पुढच्या अंकात
पान एकवर, अगदी वर,
होता नव्हता तेवढा मोठा टाइप लावून
आम्ही आमची चूक छापली.