घट

सोसायटीच्या गोदामावरच्या खोलीत
आम्ही चौघं बर्फाच्या कडा काढतो.
एका चित्राला साडेचार रुपये.
खाली तुरीची पोती, वर ग्रीनलँड,
खिडकीत कूलर,
त्यात पाणी टाकायची पाळी आज रोशन टेंभुर्णेची.

उपग्रह फोटो काढत नाही, हे घरी
पहिल्याच दिवशी समजावून सांगावं लागलं.
तो हाक मारतो
आणि ऐकत बसतो, किती परत आली.
ढग असोत, महिनोन्महिन्यांची रात्र असो,
त्याला उजेड लागत नाही.
खडबडीत बर्फ हाकेला ओ देतो, तो पांढरा.
शांत पाणी तिला तिरपी पुढं लोटून देतं, ते काळं.
आणि सगळ्यावर दाणे, दाणे,
जिनिंगच्या शेडमधल्या हवेसारखे.
त्यातून माऊसनं रेघ ओढायची:
इथवर बर्फ, इथून समुद्र.
बारा दिवसांनी तोच उपग्रह, तीच वाट,
रेघ पुन्हा.

बाबा पुलगावच्या कारखान्यातून
लाद्या आणायचे, छोट्या गाडीनं, विरूळपर्यंत.
उकंडराव बर्फवाले.
गार्डाच्या डब्यात, भुशात, दुहेरी पोत्यात.
रुळांच्या मधोमध थेंबांची एक ओळ पडत यायची
आणि गाडी पोचायच्या आत वाळून जायची.
त्यांची वही माझ्याकडे आहे.
तीन रकाने: पुलगावचं वजन, विरूळचं वजन, घट.
एकोणीस मे. चाळीस. एकतीस. नऊ.
नवतपा लागला की घटीचा आकडा लाल शाईत.
शाई जागोजागी फुटली आहे,
हात ओलेच असायचे त्यांचे.
लग्नघरी चाळीस कबूल केलेले असले
तरी पैसे एकतीसचेच घ्यायचे.

काल रेघ अडली.
एका खाडीच्या तोंडाशी लांबच लांब पट्टा,
काळा म्हणावा तर नाही, पांढराही नाही,
चुलीतल्या राखेचा रंग.
मागल्या खेपेला तो पांढरा होता.
पुण्याहून मॅडम फोनवर म्हणाल्या,
भिजलेला बर्फ हाक गिळतो, म्हणून असा दिसतो.
पाणी समजू नकोस.
संशय आला तर ‘अनिश्चित’ दाब.

बाबा डबा घेऊन जिना चढून आले होते.
ऑपरेशन झालेला डोळा स्क्रीनजवळ नेऊन
बराच वेळ वाकून उभे.
मग बोट, नेमकं त्या राखेवर.
“हे ओलं झालं.”
ओलं म्हणजे पाणी नाही बाबा, मी म्हटलं.
“पानी नाईच. पन त्यानं ठरवलं आता.
लादीवर अशी चकाकी आली का
मी काट्यावर ठेवतच नव्हतो,
पयले गिऱ्हाईक पाहाचो.”

केवढं आहे, विचारलं त्यांनी.
मी मोजलं. लांबीला पुलगाव ते आर्वी.
त्यांनी ते मनात चालून पाहिलं असावं,
सोरट्याला थोडं थांबून.
“अन् भुसा?”
रोशनला हसू आलं, मग त्यानं कूलरचं झाकण उघडलं
आणि उगाच आत पाहत राहिला.

“बरं, घट कोनाच्या नावावर लिवतेत?”

मी यादी उघडून पाहिली, खरंच पाहिली.
बर्फ. पाणी. ओला बर्फ. अनिश्चित.
वरच्या पट्टीत क्रमांक, तारीख, कक्षा.
खाली माझं नाव,
ते फक्त साडेचार रुपयांसाठी.

तेवढ्यात लाईन गेली.
कूलर घरघरत थांबला. इन्व्हर्टरवर स्क्रीन तेवढी चालू,
तिच्यात तो पट्टा.
बाबांनी डबा उघडला, भाकर काढली,
कांदा टेबलाच्या कडेवर फोडला.
“जेऊन घे आंधी. रेघ काई पळून नाई जात,”
असं म्हणाले,
आणि म्हणता म्हणता स्वतःच थांबले.