लग्नाची फाइल

शहापुरात, जिन्याखालच्या दुकानात
विरुपाक्ष माझी फाइल उघडतो नि हसतो,
"अक्का, हे लग्नाचं आहे की ओ!"

असेल. मामानं केलेली तेवढीच एक होती,
तिच्यावरच मी नोकरी चढवली.
काढ, उंची काढ. रास, नाडी, देवक.
'वर्ण निमगोरा' पुसायला
त्याला एक बटण पुरलं.

जन्मतारीख नको म्हणतो, फोटोही नको.
'घटस्फोटित' ही ओळ
झोपलेल्या माणसाला ओलांडावं तशी
तो हळूच ओलांडून गेला,
मग मागे येऊन पुसली.

पत्ताही गेला. गल्ली, बोळ, मारुतीचं देऊळ.
उरलं काय?
उद्यमबागेतली फाउंड्री, चार वर्षं, तपासणी.
दोन शतांश मिलिमीटरचा फरक
माझ्या बोटाला कळतो,
त्याला रकाना नाही.

भाषा: मराठी, कन्नड, हिंदी, थोडी इंग्रजी.
"कंपनी हुबळीची. कन्नड वर घेऊ?"
अगदी साधं विचारलं त्यानं,
तरी दुकानातला पंखा मोठ्यानं ऐकू आला.
म्हटलं, लाव अक्षरक्रमानं.
तर मेली इंग्रजीच पहिली आली.
दोघंही हसलो.

पाठवताना वर बघितलं:
सुलक्षणा मुचंडीकर.
"अक्का, गाव राहिलंच की नावात."

राहू दे.
एकदा पुसलं होतं ते, मांडवात,
मला न विचारता.
कोर्टात तीन खेपा घालून परत आणलंय.

तू फोन नंबर तेवढा
पुन्हा एकदा वाच.