उलटा पत्ता

सोहार बंदराच्या मागे, खोली नंबर चौदा.
शुक्रवार. एसीच्या नळीखाली रंगाचा रिकामा डबा,
त्यातले थेंब मोजायचा कंटाळा आला
म्हणून मी नवीन प्रोजेक्ट उघडतो.

जावा आधी पत्ता विचारते.
आमच्याकडे पाकिटावर पहिला माणूस,
मग मुक्काम पोस्ट, मग तालुका, जिल्हा,
देश असलाच तर शेवटी, कोपऱ्यात, अंग चोरून.
इथे उलटं. आधी देश, मग गाव,
घरातली वस्तू सगळ्यात शेवटी.
मला हे कुणी शिकवावं लागलं नाही.
अकरा वर्षं माझ्या कागदांवर हाच क्रम:
देश, कंपनी, हुद्दा,
आणि उरलेल्या जागेत मी.

लिहिलं: इन डॉट वाशिम डॉट धानोरा डॉट आट्यापाट्या.
एंटर.

मी स्टोअरकीपर. गास्केट, व्हॉल्व्ह, बावीस हजार नटबोल्ट.
एका कप्प्यात एकच जिन्नस,
आणि चिठ्ठी नाही ती वस्तू नाहीच.
तरी पहिल्या आठवड्यात सगळा पसारा
एकाच मेनमध्ये कोंबला: मैदान, गडी, धूळ, शिट्टी.
सोळाशे ओळी.
शिट्टीला हात लावला की मैदान हलायचं.
मग उठलो, चहा टाकला,
आणि कंटेनर उतरवतात तसं एकेक खाली घेतलं.
चित्रं एका फोल्डरात, आवाज दुसऱ्यात,
नियम वेगळे, नियम मोडणारे वेगळे.
एका क्लासला नाव दिलं पाटी. मराठीतच.
आधी नुसती प्रश्नचिन्हं उमटली,
एन्कोडिंग बदललं तर कंपायलरनं
पाटीला मुकाट्यानं पाटी मानलं.
आमचे सालिमसाहेब भले माणूस,
पण पाचपोरचं अजून बाचबोरच करतात.

अडलं ते हुलकावणीपाशी.
संगणकाचा पाटीवाला फसेचना.
मी डावीकडे झुकलो की तो डावीकडे,
फिरलो की त्याच क्षणी फिरलेला,
माझा आकडा त्याला थेट कळत होता.
असा गडी कुठल्याच गावात नसतो.
लव्हाळ्यांचा नथ्थू, आमचा सूर,
पायांकडे नाही, खांद्याकडे बघायचा,
तरी वर्षातून दोनदा फसायचाच.
फसला की आधी हसायचा, मग पळायचा.

शेवटी मध्ये एक रांग घातली.
मी आत्ता कुठे आहे हे पाटीवाल्याला सांगायचंच नाही,
बारा फ्रेमपूर्वी कुठे होतो तेवढं पुरे.
घरी फोन लावतो तेव्हा तिथलं घड्याळ दीड तास पुढे,
जेवणं उरकलेली, भांडण मिटलेलं.
मलाही सगळं थोडं शिळंच कळतं.
बारा फ्रेम.
पाटीवाला चुकला. अगदी माणसासारखा.

रात्री बिजू वरच्या बंकवरून वाकून बघत होता.
पडद्यावर मधली उभी पाटी, आडव्या नऊ पाट्या,
एक गडी निसटलेला.
"किळित्तट्ट!" तो ओरडला आणि धपकन खाली आला.
कोल्लमला, शाळेच्या मागे, खडूऐवजी टाचेनं आखायचे.
त्यांच्या सुराला किळी म्हणतात, म्हणजे पक्षी.
सगळ्या पाट्या ओलांडून परत येतो तो उप्पू.
उप्पू म्हणजे?
त्यानं टेबलावरची मिठाची डबी उचलून दाखवली.
मी म्हटलं, आमच्यात त्याला लोण म्हणतात.
आणि मग दोघंही त्या डबीकडे
जरा वेळ बघत बसलो.

पत्ता बदलायला हवा होता.
ओम डॉट सोहार डॉट खोलीचौदा डॉट लोण.
ओम म्हणजे ओमान, दुसरं काही नाही.
एका क्लिकसरशी एकोणतीस फाइली नव्या पत्त्यावर गेल्या,
ना शिक्का, ना मेडिकल, ना कुणाची सही.
धुळीचं चित्र मात्र धानोऱ्याचंच राहू दिलं,
तो रंग इथल्या वाळूत जुळला नाही.

बिजू आता चौथ्या पाटीवर अडकलाय.
म्हणतो, तुझा पाटीवाला लबाड आहे.
मी बाराचे पंधरा केले,
त्याला सांगितलं नाही.