तीन बोटं

क्येन्जोजोच्या पुढे डांबर संपतं.
मग तांबडी माती, चहाचे मळे,
आणि माझ्या मोटरसायकलच्या पेटीत
पाण्याच्या जुन्या बाटल्यांतून
हिंदकळणारं हिरवं मॉर्फिन.

आमच्याकडे आधी लाडाचं नाव विचारतात, मग दुखणं.
"अराली," तो म्हणाला. कागदावर तिबेसिग्वा.
लाकूडकाम करायचा. काखेत गाठ,
उजवा हात सुजून उशीएवढा,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा शेजारी ठेवलेला.
खोलीला एक खिडकी. तिच्यावर केळीची पानं.

मी नेहमीचं शिकवलं :
मूठ म्हणजे काही नाही,
एक बोट म्हणजे जरासं,
अख्खा पंजा म्हणजे सोसवत नाही.
तोंडाने पुरुषमाणूस "बरं आहे" म्हणतो,
म्हणून बोटांनी सांगा.

त्याने डावा हात वर केला.
मी लिहिलं : ३.

पाच मिली, दर चार तासांनी.
घरात घड्याळ नव्हतं. मग
सहाला चहाच्या कारखान्याचा भोंगा,
दहाला शाळेची घंटा,
दोनला शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या,
सहाला पुन्हा भोंगा,
आणि निजताना दुप्पट, रात्र एका दमात सरावी म्हणून.
दुखायची वाट बघायची नाही, कोबुसिंगेला बजावलं,
चोर आत आल्यावर कडी लावून काय उपयोग?
आणि पपईच्या बिया वाळवून, कुटून, रोज चमचाभर,
नाहीतर पोट धरून बसेल.

जावई उंबऱ्यातून आत येईना.
"हे मरणाचं औषध ना?"
"कूस बदलायचं," मी म्हणाले.

आठवड्याने गेले : तीन बोटं.
दोन मिली वाढवले, जपून.
पंधराव्या दिवशी : तीन बोटं.
रजिस्टरात लिहिलं, 'स्थिर'.
इस्त्री केलेला शब्द.

एकविसाव्या दिवशी
ती त्याला अंगणात आंघोळ घालत होती.
उजेडात.
डावा हात घमेल्याच्या काठावर.
अंगठा, तर्जनी, मधलं,
आणि पुढे नुसती जुनी, गुळगुळीत, चकाकती कातडी.

"आरागिरणीत गेली," कोबुसिंगे म्हणाली,
"थोरला पोटात होता तेव्हा."
मग साबण फिरवता फिरवता,
काही तक्रार नसल्यासारखं :
"होती तेवढी दाखवत होता तुम्हाला."

पाची बोटं सारखी नसतात, म्हणतात.
इथे ती पाच नव्हतीच.
अंधारात मला वाटलं होतं, दोन मिटली आहेत.

"सांगितलं का नाहीस, अराली?"
"तुम्हीच म्हणालात, बोटांनी सांगा."
तो हसला.
हसण्याने काखेत कळ गेली, ती मी पाहिली.

त्या दुपारी मी निघाले नाही.
डोस वाढवला, बसले. बातम्या होऊन गेल्या.
जरा वेळाने तो महोगनीबद्दल बोलू लागला,
ती कशी रंध्याखाली आधी रुसते, मग वळते.
भोंग्याला आणखी थोडा वाढवला. दुसऱ्या दिवशी आणखी.
चौथ्या दिवशी मूठ.
पुरती नाही. अंगठा जरा बाहेर.

रजिस्टरात तीनवर काट मारली, पाच लिहिलं, खाली सही.
खोडलं की सही करावी लागते, नियम आहे.
एकवीस दिवस खोडायचे
तर सही कुठे करायची, ते नियमात नाही.

आता मी आधी हात बघते.
दोन्ही. उजेडाला नेऊन.
नव्या नर्सेसना वाटतं, बाई भविष्य सांगतात.

तो गेल्यावर कोबुसिंगेने बाटली परत केली,
धुतलेली, वरचं लेबल खरवडून काढलेलं.
आत वाळलेल्या पपईच्या बिया, गळ्यापर्यंत.
"ज्याच्याकडे पुढे जाल, त्याला."
रस्ताभर त्या पेटीत खुळखुळत होत्या.